चाक वाजतंय, पण तेल चाकाला नको

मॉडेल रेल्वेच्या छंदात एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे: "डब्यांची चाकं कुरकुरत असतील तर डब्ल्यूडी-४०चा फवारा मारा. तो नसेल तर घरातलं कुठलंही तेल चालतं. हात आखडता घेऊ नका. खऱ्या रेल्वेच्या चाकांनाही तेल घालतातच की!" फवारा मारला की आवाज थांबतो, म्हणून लोकांना हे पटतं. पण यातल्या एकेका वाक्याने चांगल्या गाड्या खराब होतात, आणि ते बघवत नाही.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात खरं तेच वाटतं. खऱ्या गाडीत वंगण जातं ते आसाच्या टोकाशी, बेअरिंगमध्ये. पूर्वी आसपेटीत तेल भरत, आता बंद रोलर बेअरिंगमध्ये ग्रीस असतं. वळणावर चाकाची फ्लँज, म्हणजे आतल्या बाजूची उंच कड, रुळाला घासून किंचाळते, तिथे वंगण लावतात, पण तेही रुळाच्या आतल्या बाजूला. चाक ज्यावर टेकतं त्या रुळाच्या माथ्यावर तेल येऊ नये म्हणून काळजी घेतली जाते. चाक घसरायला लागलं तर इंजिन तिथे वाळू सोडतं.

मॉडेलमध्ये हा माथा आणखी जपावा लागतो, कारण वीजही तिथूनच चाकात आणि पुढे मोटरीत जाते. मध्ये तेलाचा थर आला की त्यावर धूळ बसते, तिचा काळा चिकटा होतो, इंजिन अडखळतं, दिवे लुकलुकतात, चढावर चाकं जागच्या जागी फिरत राहतात. काही इंजिनांच्या चाकांवर पकडीसाठी रबरी कडी असते. पेट्रोलियम तेलाने ती फुगते आणि सैल होऊन निसटते.

आता डब्ल्यूडी-४०. नावातच त्याचं काम लिहिलेलं आहे: 'वॉटर डिस्प्लेसमेंट', म्हणजे पाणी हटवण्यासाठी केलेलं चाळिसावं मिश्रण. १९५३ साली सान दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत ते तयार झालं आणि ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून वापरलं गेलं. त्यात निम्म्याहून जास्त द्रावक असतो. तो उडून गेला की मागे राहतो तेलाचा पातळसा थर, म्हणून आवाज काही दिवसांत परत येतो. शिवाय पॉलिकार्बोनेट आणि पारदर्शक पॉलिस्टायरीन या प्लास्टिकांवर ते वापरू नका, असं उत्पादक स्वतःच सांगतो. डब्यांच्या खिडक्या पुष्कळदा याच पारदर्शक पॉलिस्टायरीनच्या असतात, आणि फवारा काही चाकापुरता थांबत नाही. गंजलेल्या बिजागरीला ते जरूर मारा, डब्याला नको.

"घरातलं कुठलंही तेल" याला दोन वाक्यं पुरेत. खाद्यतेल हवेने हळूहळू घट्ट होऊन डिंकासारखं चिकटतं, आणि शिलाई मशीनचं खनिज तेल धातूला उत्तम असलं तरी ताणाखाली असलेल्या एबीएस किंवा पॉलिस्टायरीन प्लास्टिकला तडे पाडू शकतं. बाटलीवर 'प्लास्टिकसाठी सुरक्षित' असं स्पष्ट लिहिलेलं पातळ कृत्रिम तेलच घ्या. सिलिकॉन तेल प्लास्टिकला सहसा त्रास देत नाही, पण ते सगळीकडे पसरतं, त्यावर रंग धरत नाही, आणि मोटरीच्या आत वीज पोहोचवणाऱ्या ब्रशजवळ ते मला अजिबात नको असतं.

"हात आखडता घेऊ नका" हा यातला सगळ्यात घातक भाग. बहुतेक डब्यांच्या आसाला दोन्ही बाजूंना अणकुचीदार टोकं असतात आणि ती बोगीच्या (डब्याखाली चाकं धरणाऱ्या चौकटीच्या) खळग्यात टेकलेली असतात. वंगण हवं ते तेवढ्या टोकाला. टाचणी तेलात बुडवून निथळू द्यायची आणि उरलेला ओलावा खळग्याला टेकवायचा, बस. त्याहून जास्त झालं की तेल आसावरून ओघळत चाकाच्या कडेपर्यंत येतं आणि रुळावर उतरतं.

खरं तर तेलाची बाटली उघडण्याआधी चाकं काढून बघा. आसाला केस आणि गालिच्याचे धागे गुंडाळलेले असतात. चिमट्याने ते काढले की बऱ्याचदा आवाजही जातो. बोगी ॲसिटल प्लास्टिकची असेल तर ते मुळातच निसरडं असतं, तेलाची गरज सहसा पडत नाही. तरीही वाजलं तर खळग्यात चिमूटभराहून कमी ग्रॅफाइटची किंवा पीटीएफईची (टेफ्लॉनची) कोरडी पूड घाला. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, म्हणून ते डब्यापुरतंच. इंजिनाच्या मोटरीतल्या कम्युटेटरवर (ब्रश ज्यावर टेकतात त्या पट्ट्यांच्या कड्यावर) गेलं तर त्याच्या फटींमध्ये शॉर्ट होईल.

एवढं करूनही गाडी फक्त वळणावरच वाजत असेल, तर एकाच आसावरच्या दोन चाकांमधलं अंतर गेजने (त्यासाठीच्या मापाने) मोजा आणि चाक डब्याच्या तळाला कुठे घासतंय का ते पाहा. घासल्याची खूण तिथे चकाकताना दिसते.