खुलासा: आर्केड कॅबिनेटला सीआरटीच लागतो असं नाही
‘घरी आर्केड कॅबिनेट (उभ्या पेटीतलं व्हिडिओ गेमचं यंत्र) बांधायचं तर जुना सीआरटीच (काचेच्या नळीचा जाड पडदा) हवा, एलसीडीवर बटण दाबल्यावर खेळ उशिरा हलतो,’ असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. उशीर होतो तो बहुतेकदा टीव्ही चित्रावर प्रक्रिया करत बसतो म्हणून; ही प्रक्रिया कमी करणारी टीव्हीची ‘गेम मोड’ सेटिंग लावली की तो बराच कमी होतो. साध्या कॉम्प्युटर मॉनिटरवर तर सहसा जाणवतही नाही.

खरी चूक आकारात होते. १९८० च्या पॅक-मॅन या आर्केड गेमचं चित्र २२४ × २८८ पिक्सेलचं, म्हणजे उभं. रुंद पडद्यावर ते मधल्या पट्टीत आक्रसतं. ४:३ चा मॉनिटर उभा बसवा, पण आयपीएस पॅनेलचा, म्हणजे बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा. टीएन या दुसऱ्या प्रकारचं पॅनेल उभं केलं की बाजूच्या खेळाडूला रंग बदललेले दिसतात.

सीआरटीची झळाळी मलाही प्रिय आहे. मात्र बंद केल्यावरही त्यात जीवघेणा विद्युतदाब राहू शकतो. माहिती नसेल तर उघडू नका.