पॅकेज बनवणाऱ्यांनो, लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकायच्या त्या स्लॅश ऑप्ट फोल्डरशिवाय दुसरी जागा माहीत नाही का ओ तुम्हाला?

डिरेक्टरी बदलायची सोय द्यायची नसेल तर देऊ नका. पण दिली म्हणून सांगायचं आणि निम्मं सामान इकडं, निम्मं तिकडं टाकायचं, ही कुठली पद्धत?

आज बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या सर्व्हरवर आरपीएम पॅकेज, म्हणजे लिनक्सवर आरपीएम या साधनानं बसवायचा सॉफ्टवेअरचा गठ्ठा, बसवायचं होतं. ऑप्ट ज्यात आहे ते सिस्टीमचं रूट पार्टिशन (डिस्कचा भाग) भरत आलेलं, डेटा पार्टिशन मोकळं. प्रीफिक्स, म्हणजे नव्या जागेचा पाथ, देऊन डेटावर बसवलं. 'नॉट रिलोकेटेबल', म्हणजे जागा बदलता येत नाही, म्हणून नाकारलं असतं तरी मी गप्प बसलो असतो, निदान सरळ नकार तरी असतो तो. यानं हूं की चूं केलं नाही. फायली गेल्या डेटावर आणि सर्व्हिस काही उठेना! बसवून झाल्यावर चालणारी पोस्ट-इन्स्टॉल स्क्रिप्ट उघडली तर ओळीओळीला स्लॅश ऑप्ट. लॉगचं फोल्डर ऑप्टमध्ये, कॉन्फिगमधला पाथ ऑप्टचा, सर्व्हिस चालू करणाऱ्या सिस्टमडीच्या युनिट फाईलमधला एक्झेकस्टार्ट (कुठला प्रोग्राम चालवायचा ती ओळ) सुद्धा ऑप्टचाच. अहो, नवी जागा कुठली ते आरपीएम स्वतः स्क्रिप्टला सांगतं! आरपीएम_इन्स्टॉल_प्रीफिक्स हे व्हेरिएबल त्यासाठीच आहे. ते वाचायचा कंटाळा, पण पॅकेज कसं बांधायचं ते लिहायच्या स्पेक फाईलमध्ये 'जागा बदलता येते' असं सांगणारा प्रीफिक्सचा टॅग लावून मोकळे. एकदा, फक्त एकदा दुसरीकडं बसवून बघितलं असतं तर लगेच कळलं असतं. सपोर्टला फोन केला तर म्हणे, "सर, डिफॉल्ट पाथवरच टाका." मग तो टॅग काय शोभेला लावलाय?

वर कुणीतरी सुचवतंच, डीएनएफनं (आरपीएम पॅकेजेस उतरवून बसवणारं साधन) कर. डीएनएफला प्रीफिक्स देताच येत नाही! इन्स्टॉलरूट आहे, पण त्यात अख्खी सिस्टीम दुसऱ्या रूटखाली जाते, ते काम वेगळं. डेस्टडिरचाही असाच घोळ. पॅकेज बांधताना फायली तात्पुरत्या गोळा करायची ती जागा, आणि लोक ती प्रीफिक्स म्हणून वापरतात.

विंडोजवाल्यांनी तर हसूच नये. डी ड्राइव्ह निवडा, सी भरतोच. निपाणीत एका दुकानदारानं फोल्डरला 'हिशेब' नाव दिलेलं, इन्स्टॉलरनं त्या जागी प्रश्नचिन्हं दाखवली आणि बंद पडला. भाषेसाठी पिढ्यान् पिढ्या भांडलेला हा मुलूख, आणि मराठी असो की कन्नड, फोल्डरला आपल्या लिपीत नाव ठेवायची चोरी!

मॅकवर सॉफ्टवेअर बसवायच्या होमब्रूची तयार बायनरी (आधीच बांधलेला प्रोग्राम) ठरलेल्या जागेबाहेर बहुतेक चालत नाही, सोर्सपासून बांधत बसावं लागतं, पण ते तसं आधीच सांगतात. पायथनची पॅकेजेस बसवायच्या कोंडाचे लोक बायनरीत लांबलचक खोटा पाथ भरून ठेवतात आणि बसवताना तिथं खरा घालतात. करायचं म्हटलं की होतं ते असं.

शेवटी पॅकेज काढलं, डेटातलं फोल्डर ऑप्टवर बाइंड माउंट केलं (म्हणजे ऑप्टच्या पत्त्यावर डेटातलंच फोल्डर उघडतं), रीबूटनंतरही टिकावं म्हणून एफस्टॅब फाईलमध्ये ओळ घातली आणि डिफॉल्टलाच बसवलं. पॅकेज काढल्यावरही ऑप्टमधलं ते लॉगचं फोल्डर तसंच पडून होतं. स्क्रिप्टनं बनवलेलं, त्यामुळं आरपीएमच्या यादीतच नाही. तेही मीच हातानं पुसायचं.