‘डोळे असले की पुरे’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ यांस,

जुना फ्लॅट घेण्याआधी जाणकाराकडून तपासून घ्यावा, या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली. ती काढून टाका, असं दोघा-तिघांनी कळवलं. मी काढलेली नाही. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात देतो: “माणसाला डोळे असले की पुरे. माझ्या वडिलांनी १९८४ साली कुठलाही इंजिनियर न आणता घर घेतलं, आजही खणखणीत उभं आहे. घर पाहावं बांधून, असं आपले पूर्वज उगाच नाही म्हणाले. हे सगळं अमेरिकेतलं फॅड. कर्ज देणारी बँक बघतेच की. आणि विकणारा तुमच्या इंजिनियरला घरात घेईल तोवर दुसरा कोणीतरी टोकन देऊन मोकळा होतो. लेखकाचा मेव्हणा सिव्हिल इंजिनियर असावा.”

मेव्हण्यापासून सुरुवात करू. मला मेव्हणा नाही. दोन मेव्हण्या आहेत. एक शाळेत भूगोल शिकवते, दुसरी घरगुती डबे देते. दोघींपैकी कोणीही माझ्या लेखावर पैसे कमावलेले नाहीत. मतभेद असावेत, माझी हरकत नाही. पण ज्याला आपलं नाव लिहायचं धाडस होत नाही त्याने दुसऱ्याच्या सासरी डोकावू नये. स्पष्टवक्तेपणा म्हणतात तो हा नव्हे.

एक चूक मात्र कबूल करतो. लेखात दोन ठिकाणी मी ‘तपासणी’च्या जागी ‘ऑडिट’ लिहिलं होतं. स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे सांगाड्याच्या मजबुतीची तपासणी, अख्ख्या इमारतीचं असतं आणि ते सोसायटी करून घेते. आपण घेतोय त्या फ्लॅटची तपासणी ही वेगळी गोष्ट. दुरुस्ती केली आहे. चूक दाखवणाऱ्या दुसऱ्या एका वाचकाचे आभार. तुमच्या ती लक्षातही आली नव्हती.

आता डोळे. २००९ साली मी डोंबिवलीत रीसेलचा फ्लॅट घेतला तेव्हा मलाही डोळे होते, चष्म्याशिवाय चालत होते. दिवाळी होऊन गेली होती. भिंती नुकत्या रंगवलेल्या. “किती स्वच्छ ठेवलंय हो यांनी,” बायको म्हणाली. मी खिडकीतून बाहेरचं गुलमोहराचं झाड पाहिलं, नळ सोडून पाणी येतंय हे पाहिलं आणि आठवड्यात टोकन दिलं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कपाट सरकवलं तर मागची भिंत ढोपरापासून छातीपर्यंत काळी. लांबी (पुट्टी) भरून वर रंगाचे दोन हात मारले होते, इतकंच. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग कधीचं गेलेलं. वरचे काका म्हणाले, आमच्याकडे तर कोरडं आहे. अहो, त्यांच्याकडे कोरडंच असणार, पाणी आमच्याकडे उतरत होतं! सोसायटीने ‘तुम्ही दोघे बघून घ्या’ म्हणून हात वर केले. हॉलचं पीओपीचं सिलिंग उतरवलं तेव्हा स्लॅबच्या सळ्या उघड्या पडलेल्या दिसल्या, बोट लावलं की गंजाचे पापुद्रे हातात. त्या सिलिंगच्या नक्षीचं मी एजंटकडे कौतुक केलं होतं. काकांना कोबा फोडायला राजी करण्यात दोन वर्षं गेली आणि एकूण खर्च १ लाख ८० हजार.

यातलं काय डोळ्यांना दिसलं असतं ते सांगा. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान वाढतं, ते आतून काँक्रीटला फोडतं, आणि सळीच्या रेषेत तडा जातो. तो तडा वर येईपर्यंत आत गंज कधीचा सुरू झालेला असतो. ओल रंगाखाली असते. तिला ओलावा मोजायचं यंत्र लावावं लागतं, नाहीतर पावसाळ्यापर्यंत थांबावं लागतं. टाइल्सखालची पोकळी नाण्याने ठोकल्यावर बद्द आवाजाने कळते. अर्थिंग आहे की नुसतीच तीन भोकांची पट्टी बसवली आहे, हे मीटर लावल्याशिवाय तुम्हाला-आम्हाला कळत नाही. जुने गवंडीसुद्धा डोळ्यांवर विसंबत नसत. थापीच्या दांड्याने गिलावा ठोकून कान देत. आपण बाजारात भेंडीचं टोक मोडून बघतो आणि सत्तर लाखांच्या घरात शिरल्यावर ‘व्ह्यू छान आहे’ म्हणतो.

पूर्वजांची म्हण तुम्ही काढलीत म्हणून सांगतो. ती घर ‘बांधून’ पाहावं म्हणते. बांधणारा माणूस पाया खणल्यापासून उन्हात उभा असायचा, विटा स्वतः मोजून घ्यायचा, गवंड्याशी रोज भांडायचा. त्याला वेगळ्या तपासणीची गरज नव्हती, कारण तो वर्षभर तपासणीच करत होता. तुम्ही-आम्ही दुसऱ्याने बांधलेलं, तिसऱ्याने वापरलेलं आणि चौथ्याने रंगवलेलं घर अर्ध्या तासात पाहतो.

विश्वासावरच चालायचं असेल तर कायद्याची एक बाजू ऐका. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार विकणाऱ्याने मोठे दोष सांगायला हवेत, पण कोणते? जे त्याला ठाऊक आहेत, घेणाऱ्याला ठाऊक नाहीत, आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडले नसते, तेवढेच. म्हणजे साधारण काळजी आपण घ्यायची हे कायद्याने गृहीत धरलं आहे. ‘रेरा’ या बिल्डरांना बांधणाऱ्या कायद्याखाली ताब्यापासून पाच वर्षांत दाखवलेले बांधकामातले दोष बिल्डरला पदरचे पैसे घालून दुरुस्त करावे लागतात, पण वीस वर्षांच्या इमारतीत ती मुदत कधीच उलटलेली असते.

बँकेचं म्हणाल तर माझ्याही घरी बँकेचा व्हॅल्युएटर आला होता. दहा मिनिटं थांबला, पाणी प्यायला, गेला. कर्ज मंजूर झालं. उद्या हप्ते थकले तर घर विकून बँकेचे पैसे सुटतील का, हे पाहणं त्याचं काम. माझं कपाट सरकवणं नव्हे.

विकणारा घरात घेत नाही, टोकन दुसराच देतो वगैरे: व्यवहारात अडचणी असतातच, त्या कोणाला नाहीत? विचारून तरी बघा. अमेरिकेचंही सोडून देऊ. प्रेशर कुकरसुद्धा बाहेरूनच आला, तुमच्या घरी नसेल तर कळवा.

शेवटी वडिलांच्या घराबद्दल. त्यांच्याविषयी मला आदर आहे, त्यांना या वादात मी ओढलेलं नाही, तुम्ही ओढलंत. खणखणीत उभं आहे म्हणता. महाडची तारिक गार्डन ही इमारत २४ ऑगस्ट २०२० ला कोसळून १६ माणसं गेली, तीही आदल्या दिवशी उभीच होती, आणि वय पुरतं दहा वर्षंही नव्हतं. तुमच्या इमारतीला चाळीस वर्षं उलटली. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे, तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तुमच्याकडे शेवटचं कधी झालं, ते सेक्रेटरींना विचारा आणि इथे लिहा. प्रसिद्ध करीन. भाषा तेवढी सांभाळा.