थाई गोष्टी म्हणजे नुसतं 'करावे तसे भरावे' नाही

थाई कथा-कादंबऱ्यांवरची एक पोस्ट सध्या खूप शेअर होतेय. म्हणे तिथली नीती साधीसोपी, चांगल्याचं चांगलं, वाईटाचं वाईट, वाट चुकलेल्या बाईला हमखास शिक्षा आणि भिक्षू-मास्तर कायम देवमाणसं. मला हे अजिबात पटत नाही.

पहिला मुद्दा कर्माचा. 'थाम दी दाय दी, थाम चुआ दाय चुआ' (चांगलं केलं तर चांगलं मिळतं, वाईट केलं तर वाईट) ही म्हण थायलंडमध्ये पोरासोरांना पाठ असते, खरंय, पण लेखक तिलाच तर प्रश्न विचारतात ना! कुक्रित प्रमोज यांच्या 'लाय चीविट' या कादंबरीत बँकॉकला निघालेली बोट वादळात बुडते आणि डाकू, भिक्षू, वेश्या असे 11 जण एकदमच मरतात, मग लेखक एकेकाचं आयुष्य उलगडून दाखवतो आणि वाचत असताना आपण हिशोब लावत बसतो, तो काही केल्या लागत नाही.

बाईचं म्हणाल तर सीबुराफांची 1937 ची 'खांग लांग फाप' ही कादंबरी वाचा. म्हाताऱ्या नवऱ्याची बायको कीरती एका तरुण विद्यार्थ्यात जीव गुंतवते, तिचं मरण लेखक शिक्षा म्हणून लिहीतच नाही, उलट मनाने थंड पडलेल्या त्या पोराचाच आपल्याला राग येतो.

आणि देवमाणसं? इथे तर पोस्ट सपशेल चुकलीय. चाट कोबचित्तींची 'खाम फिपाकसा' म्हणजे 'निवाडा', 1981 ची, 1982 चा सी-राइट (आग्नेय आशियातल्या लेखकांसाठीचा) पुरस्कार मिळालेली कादंबरी. फाक हा एकेकाळी चीवर घातलेला, धर्माच्या परीक्षा पास झालेला, गावाचा लाडका पोरगा. बाप गेल्यावर शाळेत शिपाईगिरी करतो आणि बापाच्या वेडसर तरुण विधवेला घराबाहेर काढत नाही, कारण ती जाणार कुठे? बस, एवढ्यावरून गाव ठरवून टाकतं की ह्याचं तिच्याशी लफडं आहे. ज्याला सगळे वाळीत टाकतात त्याला पहिला घोट पाजतो तो मसणवट्यातला माणूस, अख्ख्या गावात तोच एक जवळचा, आणि पुढे दारूच फाकला खाते. त्याने विश्वासाने ठेवायला दिलेले पैसे हेडमास्तर सरळ गिळतात, आणि गाव ऐकतं हेडमास्तरांचंच, कारण बोलूनचालून ते हेडमास्तर आणि हा दारुडा. फाक मरतो तेव्हा देवळात नवी दाहिनी बांधून तयार असते, ती नीट चालते का हे बघायला पहिलं प्रेत आत ढकलतात ते त्याचं.