मॅनटीला पाइपने पाणी पाजणाऱ्यांनो, बस करा

सकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरतोय. कुणाचा तरी मुलगा फ्लोरिडात घरामागच्या धक्क्यावर उभा राहून बागेच्या पाइपने मॅनटीला, म्हणजे पाण्यातल्या गवत चरणाऱ्या समुद्रगायीला, पाणी पाजतोय. खाली हात जोडलेले इमोजी आणि 'याला म्हणतात संस्कार'. कसले डोंबलाचे संस्कार! तिथे हा गुन्हा आहे. खाऊ घालणंही आणि पाणी पाजणंही. केंद्राच्या कायद्याखाली ५०,००० डॉलरपर्यंत दंड आणि वर्षभराची कैद होऊ शकते.

'अहो, पण तहानलेली असेल!' तिला गोडं पाणी आवडतं, मान्य. पण ते ती नदीच्या मुखाशी, झऱ्यांवर स्वतः शोधते. धक्क्यावर आयतं मिळालं की तिथेच रेंगाळते, आणि धक्का म्हणजे बोटी. माणूस आणि बोट दिसली की पळायचं सोडून ती जवळ येते. मग बोटीच्या पंख्याची पाती पाठीवरून जातात. कधी वेगातल्या बोटीचा तळ आदळून बरगड्या मोडतात, फुप्फुस फाटतं आणि बाहेरून जखम दिसतही नाही. पिल्लू साधारण दोन वर्षं आईमागे असतं, तेही हेच शिकतं. एका वेळी बहुधा एकच पिल्लू, तेही वर्षभर पोटात. मेलेल्यांची भरपाई कधी व्हायची?

(मांडव्याच्या लाँचवरून सीगलना कुरकुरे फेकणारे आपणच. त्यावर वेगळं लिहीन, आज डोकं आधीच तापलंय.)

थंडीचं तर कुणाच्या गावीही नाही. पाचशे किलोचं धूड, पण चरबी बेताची आणि चयापचय मंद. पाणी २० अंशांखाली गेलं आणि तसंच राहिलं की कातडीवर व्रण उठतात, खाणं सुटतं, जनावर मरतं. म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर ब्लू स्प्रिंगसारख्या झऱ्यांकडे जावं लागतं, तिथे पाणी बारमाही २२ अंशांच्या आसपास. नाहीतर टँपाजवळच्या वीजकेंद्राच्या कोमट पाण्याकडे. पाइपपाशी अडकलेलीला निघायला उशीर होतो.

हो, २०२१-२२च्या हिवाळ्यात सरकारनेच मॅनटींना लेट्यूस घातला, नव्वद टनांहून जास्त. ठाऊक आहे. तेव्हा त्या उपाशी मरत होत्या. एकट्या २०२१ मध्ये फ्लोरिडात १,१००च्या आसपास गेल्या. आणि तेही काम नेमलेल्या माणसांनी केलं, वाटेल त्याने नाही.

उपाशी का? इथे मला खरंच वाईट वाटतं. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर लगूनमधलं, म्हणजे तिथल्या उथळ खाजणातलं, समुद्रगवत संपलं होतं. सांडपाणी, सेप्टिक टाक्या आणि लॉनवरचं खत पावसात वाहून लगूनमध्ये उतरतं. त्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं, पाणी गढुळतं, ऊन तळापर्यंत पोचत नाही, गवत मरतं. दिवसाला तीस-चाळीस किलो चरणाऱ्या प्राण्याने मग काय खायचं? म्हणजे बघा, त्या हिरव्यागार लॉनवर खत मारायचं आणि त्याच लॉनच्या पाइपने पाणी पाजून पुण्य कमवायचं! व्हिडिओत मागे दिसतंय ते लॉन. नीट बघा.

तर व्हिडिओतल्या पोराच्या आई, काकू, त्याला फोन कराल तेव्हा एवढं सांगा. धक्क्यावरचा नळ घट्ट बंद, गळत असेल तर वॉशर बदल, बोट धुऊन झाली की पाइप गुंडाळून आत ठेव. तिथल्या अनेक काउंटींत (जिल्ह्यांत) १ जून ते ३० सप्टेंबर नायट्रोजनच्या खताला बंदी असते, ती पाळ. बोटीवर पोलराइज्ड, म्हणजे पाण्यावरची चमक कापणारा, चष्मा घाल. पाण्यावर एकामागे एक गोल, तुकतुकीत वर्तुळं दिसली की खाली शेपटी हलतेय, इंजिन न्यूट्रलला टाक. जखमी किंवा किनाऱ्यावर अडकलेली दिसली तर ओढायची-ढकलायची नाही. १-८८८-४०४-३९२२ वर राज्याच्या वन्यजीव आयोगाला फोन कर. नेमकी जागा, अंदाजे लांबी, श्वास घेतेय का आणि सोबत पिल्लू आहे का, हे ते विचारतात.