खुलासा : ‘हिचहायकर्स गाइड’मधील चित्रे संगणकाची नव्हेत

‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ या बीबीसीच्या विनोदी विज्ञान-मालिकेच्या गुणदोषांवर जळगाव-भुसावळच्या रसिकांत सध्या वाद रंगला असून, त्यात एक विधान वारंवार फिरत आहे : मालिका कादंबरीवरून घेतली आणि तिच्यातील ‘गाइड’ची, म्हणजे कथेतल्या बोलक्या मार्गदर्शक पुस्तकाची, चित्रे संगणकाने काढली, म्हणून तिचे श्रेय बेताचेच. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत.

डग्लस ॲडम्स यांची ही कथा मार्च 1978 मध्ये प्रथम आकाशवाणीवर, म्हणजे बीबीसी रेडिओ 4 वर आली. कादंबरी 1979 ची आणि सहा भागांची दूरचित्रवाणी मालिका जानेवारी 1981 ची. सायमन जोन्स यांनी रंगवलेला नायक आर्थर डेंट आणि ‘गाइड’ला लाभलेला पीटर जोन्स यांचा आवाज नभोनाट्यातूनच मालिकेत आले.

संगणकाच्या पडद्यासारखी भासणारी ती हलती अक्षरे आणि आकृत्या रॉड लॉर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताने रेखाटल्या, मागून प्रकाश सोडून रंगीत फिल्टरांतून एकेक चौकट चित्रित केली आणि निवेदनाच्या शब्दाशब्दाशी जुळवली. मालिकेची गती संथ वाटते, हा आक्षेप मलाही पटतो. पण ज्या भागात सर्वाधिक हस्तकौशल्य ओतले गेले, त्यालाच यंत्राची करामत म्हणणे कलावंतांवर अन्याय करणारे आहे.