शिडीची कितवी पायरी?

दरवर्षी २० मार्चच्या आसपास आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच वाद पेटतो. जागतिक आनंद अहवाल येतो. फिनलंड पहिला (२०१८ ते २०२५ सलग आठ वर्षं) आणि आपण शंभराच्या पलीकडे. २०२५मध्ये १४७ देशांत भारत ११८वा, पाकिस्तान १०९वा. झालं! अर्ध्यांच्या मते अहवालच भारतद्वेष्टा, उरलेल्यांच्या मते आपल्या माणसांना समाधान मानायचंच ठाऊक नाही. शेवटी कोणीतरी मला ओढतं : 'तू तिथेच राहतोस ना रे, खरंच खूश असतात का ती माणसं?'

दिसत तरी नाहीत. हेलसिंकीशेजारच्या एस्पोत राहून मला अकरा वर्षं झाली. लिफ्टमध्ये कोणी आधीच असेल, तर पुढची येईपर्यंत थांबणारी ही माणसं. डिसेंबरात इथे दिवस सहा तासांचाही नसतो, तेव्हा तर विचारायलाच नको.

पण मूळ प्रश्न तरी कोणी वाचतं का? ० ते १० पायऱ्यांची शिडी समजा, सर्वांत वर तुमच्या दृष्टीनं शक्य असलेलं उत्तम आयुष्य, तळाशी सर्वांत वाईट. आज तुम्ही कुठे उभे आहात? एवढंच विचारतात. हसता का, नाचता का, ते या क्रमवारीत मोजत नाहीत. आता ही शिडी कुठल्या भिंतीला टेकवायची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आमच्या बॅचची शिडी बाणेरच्या पंचविसाव्या मजल्याला टेकवलेली आहे. माझीही होती.

फिनलंडची माणसं तुलना करत नाहीत, असं मात्र कोणी समजू नये. इथे प्रत्येकाचं करपात्र उत्पन्न ही सार्वजनिक माहिती. दर नोव्हेंबरात जास्त कमावणाऱ्यांच्या याद्या वर्तमानपत्रांत येतात, आणि त्या दिवसाला लोक चक्क 'मत्सर दिन' म्हणतात. दिवसभर चवीनं चर्चा होते. दुसऱ्या दिवशी ज्याची त्याची बस.

माझे शेजारी निवृत्त बसचालक आहेत. जुलैत ते मला जंगलात बेरी वेचायला नेतात. रान कोणाच्याही मालकीचं असो, घराचं अंगण सोडून तिथली बेरी वेचायचा हक्क सगळ्यांना आहे. वेचून विकली तरी त्यावर आयकर नाही. फणीसारखे दात असलेलं एक सुपलं झुडपातून ओढायचं, की जांभळीकाळी फळं आत. वाकून वाकून कंबर मोडते. बादली भरली, की ते निवडत बसतात, पानं काढतात, आणि मग वर्षभर फ्रीजरमधली बेरी रोज सकाळी लापशीत. त्यांना मी शिडीचा प्रश्न विचारला. 'साडेसात,' म्हणाले, 'गुडघा दुखतो म्हणून.'

मला आमचा कुडाळजवळचा सडा, म्हणजे खडकाळ माळ, आठवला. मे महिन्यात करवंदं काढायला आम्ही कोणाला विचारत नव्हतो. चिकानं बोटं चिकट व्हायची, शर्टावर डाग पडायचे, घरी मार बसायचा. आता तिथे प्लॉट पडलेत, तारा आल्यात. म्हणून ग्रुपवर कोणी 'आहे त्यात समाधान माना' म्हटलं, की माझं डोकं फिरतं. जे म्हणतात त्यांच्या सोसायटीत टँकर वेळेवर येतो. इथल्या म्हाताऱ्याला साडेसात म्हणवतं, कारण पेन्शन, दवाखाना आणि बेरी यांचा घोर त्याला नाही. (दवाखान्यात तारखेसाठी ताटकळावं लागतं, ते वेगळं.) पण दुसरं टोकही मला पटत नाही. पगार तिप्पट झाला तरी मी बाणेरच्याच फ्लॅटचे भाव बघत होतो, हे कुठल्या सरकारच्या माथी मारू?

त्या दिवशी जंगलातूनच आईला फोन लावला आणि तिलाही विचारलं.

'या वयात शिडीवर कशाला चढवतोस मला?'

'सांग तर. दहापैकी किती?'

'यंदा विहीर मे अखेरपर्यंत आटली नाही. एकदाही टँकर सांगावा लागला नाही.' थोडा वेळ थांबली. 'सहा धर. नाही, साडेसहा.' मग लगेच, 'आणि तुझ्या त्या शेजाऱ्यांनी किती सांगितले?'

मी सांगितलं.

'त्यांच्याकडे बारमाही पाणी असेल. आणि तुझे किती?'

मी म्हटलं, रेंज जातेय, रात्री करतो.